कपाटाच्या आतून कोणतं पॉलिश? कमी वासाचं फिनिश निवडण्यापासून कपडे परत ठेवेपर्यंत

पॉलिशवाला बाहेरची बाजू चकाचक करून देतो आणि जाता जाता विचारतो, "थोडं मटेरियल उरलंय, आतूनही एक हात मारून देऊ?" फुकटात होतंय म्हणून आपण हो म्हणतो. पुढे दोन महिने कपाट उघडलं की डोळे चुरचुरतात, साड्यांना थिनरचा वास येतो आणि तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं तरी तोच वास.

बाहेरच्या बाजूला दिवसरात्र हवा लागते, तिथे कुठलंही फिनिश चालून जातं. आतला भाग मात्र जवळजवळ कायम बंद असतो. फिनिशमधून जे काही हळूहळू बाहेर पडतं, ते त्याच पेटीत कोंडून राहतं आणि कपडे, कागद, धान्य ते शोषून घेतात. डब्यावर छापलेलं 'लो ओडर' हे बहुतेक वेळा ब्रश हातात असतानाच्या वासाबद्दल असतं. आपल्याला दार लावल्यानंतरच्या वासाशी कर्तव्य आहे. निवड त्यावरूनच करायची.

टप्पा 1 : आत काय आहे आणि काय ठेवणार, ते आधी बघा

सगळ्यात आधी लाकूड ओळखा. सागवान, शिसम यांच्या अंगात स्वतःचं तेल असतं. त्यावर तेलाचं वॉर्निश लवकर सुकत नाही आणि पाण्यात मिसळणारी फिनिशही कधी कधी नीट धरत नाहीत. प्लायवूडचा दर्शनी भाग सोपा, पण त्याच्या कापलेल्या कडा स्पंजासारख्या पितात. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुगा दाबून केलेले तक्ते) यांच्या उघड्या कडांना पाणी लागलं की त्या फुगतात.

आतून सनमायका किंवा पांढरा लाइनर लावलेला असेल, तर त्यावर काहीच लावू नका. तिथे काम उरतं ते फक्त उघड्या कडा, बिजागरीची भोकं, फळ्यांचा मागचा काठ आणि वायरसाठी पाडलेली छिद्रं यांचं. प्लाय आणि बोर्डमधल्या चिकट राळेतून फॉर्मल्डिहाइड (डोळे-नाक चुरचुरवणारा वायू) बाहेर पडतं, आणि ते जास्त करून या उघड्या जागांतूनच. नवं कपाट 'आतून सगळं लाइनर आहे, तरी वास येतो' अशी तक्रार असते तेव्हा आधी कडा बघाव्यात.

मग वापर. रेशमी आणि लोकरी कपड्यांच्या कपाटाला हलकं आवरण पुरतं. स्वयंपाकघरातल्या कपाटाला तेलाच्या बरण्या, ओले डबे आणि रोजची फडकी सोसायची असतात. औषधांच्या कप्प्याचा विचार वेगळा, त्याचं कारण पुढे येईल.

खरं तर चांगल्या, कोरड्या सागवानी कपाटाला आतून काहीच न लावणं हाही एक पर्याय आहे. पुष्कळ जुनी कपाटं तशीच आहेत. फिनिश लावायचं ते डाग, ओल, जुना वास किंवा लाकडाचा रंग कपड्यांना लागणं यांपैकी काहीतरी थांबवायचं असेल तरच.

टप्पा 2 : फिनिश निवडा

आधी नको ती बाजूला काढू.

*तेल.* जवसाचं तेल, उकळलेलं असो वा कच्चं, हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं. बंद पेटीत हवा खेळत नसल्यामुळे ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं आणि त्याचा खवट वास जाता जात नाही. खोबरेल किंवा खाण्याचं दुसरं एखादं तेल पुसायची सवय काही घरांत आहे. खोबरेल सुकत नाही, फक्त जुनं होतं. मिनरल ऑइलला वास नाही, पण तेही सुकत नाही आणि पांढऱ्या कपड्यावर डाग पाडतं.

*तेलाचं वॉर्निश आणि ऑइल पेंट.* याचंही सुकणं तेलासारखंच. बाहेरून कडक झालं तरी आत वास धरून बसतं.

*मेलामाइन.* फर्निचरवर सर्रास मारतात, दिसतंही छान. पण ते ॲसिड हार्डनरने कडक होतं आणि होताना फॉर्मल्डिहाइड सोडतं. उरलेलं मटेरियल आत मारलं जातं ते बहुधा हेच. आतून नको.

*एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर.* पटकन सुकतं, पण थिनरचा वास बंद कप्प्यात बराच काळ घुटमळतो. शिवाय कापूर त्याला मऊ करतो. कपड्यांत कापराच्या वड्या ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

*टर्पेंटाइनमधलं मेणाचं पॉलिश.* मेण निरुपद्रवी, टर्पेंटाइन नाही.

उरले दोन पर्याय, आणि घरगुती कामाला ते पुरे आहेत.

स्पिरिटमधली लाख (शेलॅक). यात रासायनिक मुरणं, म्हणजे सुकल्यावरही थर आतून हळूहळू पक्का होत राहणं, नसतं. स्पिरिट उडून गेलं की मागे राहते ती फक्त लाख, आणि तिला वास जवळपास नसतो. लावताना स्पिरिटचा वास उग्र येतो, पण एक-दोन दिवसांत तो गेलेला असतो. जुना कोंदट वास, डांबरगोळ्यांचा वास, पाइनच्या गाठींतला चीक हे सगळं लाख अडवून धरते. कपड्यांच्या आणि पुस्तकांच्या कपाटाला माझं पहिलं मत लाखेलाच.

तिच्या उणिवा मात्र स्पष्ट आहेत. गरम भांडं ठेवलं की वळ उठतो. पाणी साचलं की पांढरा डाग पडतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि अमोनियाच्या क्लीनरने ती सुटते. आणि स्पिरिट सांडलं की विरघळते. औषधांचा कप्पा वेगळा म्हटलं ते यासाठी : होमिओपॅथीची औषधं, सॅनिटायझर, अत्तरांचे स्प्रे यांतलं अल्कोहोल गळलं की बाटली फळीला चिकटून बसते.

वॉटर-बेस्ड पीयू (पॉलियुरेथेन) किंवा ॲक्रिलिक क्लिअर, एकाच डब्याचं. स्वयंपाकघर, औषधं, बुटांचं कपाट यांना हे घ्या. पाणी, पुसणं, तेलाचे डाग हे सगळं सोसतं. लावताना वास कमी येतो, पण लगेच फसू नका. फिल्म नीट जुळून यावी म्हणून यात हळू उडणारी द्रावकं घातलेली असतात, ती दोन-तीन आठवडे थोडी थोडी बाहेर पडत राहतात. म्हणजे लाखेचा वास सुरुवातीला जास्त आणि लवकर संपणारा, याचा सुरुवातीला कमी आणि लांबणारा. दिवाळीला चार दिवस उरलेत आणि कपाट भरायचंय, तर हे गणित महत्त्वाचं.

हार्डनर वेगळा येणारं दोन डब्यांचं पीयू घरी, बंद खोलीत, ब्रशने मारायच्या भानगडीत पडू नका. त्या हार्डनरमधलं आयसोसायनेट श्वसनाला त्रासदायक असतं. ते काम कारखान्यात, योग्य मास्क लावून करायचं.

> सावध : सागवान, एमडीएफच्या कडा किंवा जुना वास, यांपैकी काही असेल आणि वर वॉटर-बेस्ड पीयू हवं असेल, तर खाली लाखेचा एक पातळ हात द्या. मात्र ती लाख मेण काढलेली, म्हणजे डीवॅक्स्ड हवी. साध्या लाखेतल्या मेणावर पीयू धरत नाही, पुढे नखाने पापुद्रा निघतो.

टप्पा 3 : बरणीत नमुना ठेवून बघा

ही पायरी जवळजवळ सगळे टाळतात. त्याच लाकडाचा तळहाताएवढा तुकडा घ्या, ठरवलेले सगळे हात दोन्ही बाजूंनी द्या आणि डब्यावर सांगितलेला वेळ सुकू द्या. मग झाकणाच्या काचेच्या बरणीत तो तुकडा आणि शेजारी वाटीत सुक्या खोबऱ्याचा काप ठेवून झाकण घट्ट लावा. स्निग्ध पदार्थ वास चटकन ओढून घेतात, म्हणून खोबरं. एक दिवसाने बरणी उघडून खोबऱ्याचा वास घ्या (खाऊ नका). दुसऱ्या बरणीत नुसतं खोबरं ठेवलेलं असेल तर फरक लगेच कळतो.

वास लागला तर फिनिश लगेच बाद करू नका. तुकडा आठवडाभर उघड्यावर ठेवा आणि पुन्हा करा. तेव्हाही लागला तर मात्र दुसरं आणा. शंभर ग्रॅम मटेरियलवर हे कळलेलं बरं.

टप्पा 4 : तयारी

कामाचा अर्धा वेळ इथे जायला हवा.

1. हंगाम बघा. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. दमट हवेत लाख पांढुरकी पडते, वॉटर-बेस्ड फिनिश सुकायला वेळ घेतं आणि वास त्याच प्रमाणात लांबतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

2. सुटं करा. दारं, फळ्या, ड्रॉवर, बिजागऱ्या, हँडल सगळं काढा. प्रत्येक फळीच्या मागे पेन्सिलीने क्रमांक घाला. जागेवरच ब्रश फिरवला की कोपऱ्यांत मटेरियल साचतं, आणि साचलेला जाड थर हाच वासाचा सगळ्यात मोठा साठा असतो.

3. ओल तपासा. आतल्या पाठीवर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा. सकाळी त्याच्या आत दव दिसलं तर ओल भिंतीतून येते आहे. आधी भिंतीचं बघा. ओल्या लाकडावरचं फिनिश सुटतं आणि आत बुरशी वाढते ती वेगळीच.

4. बुरशी आणि जुना वास. कोरड्या फडक्याने बुरशी पुसू नका, ती हवेत उडते. मास्क लावून, साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मग दोन-तीन दिवस ऊन किंवा वारा द्या.

5. वाळवीचं औषध. सुतार बऱ्याचदा ते रॉकेलमध्ये कालवून मारतो. रॉकेलचा अंश लाकडात असेपर्यंत वॉटर-बेस्ड फिनिश धरणार नाही आणि वासही दबणार नाही. औषध मारायचंच असेल तर ते आधी, मग किमान दोन आठवडे उघडं ठेवा. तरी वास राहिला तर लाखेचा हात.

6. घासा. 180 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने, मग 240. आरशासारखं गुळगुळीत करायचं नाही, आपल्याला आतली फळी दाखवायची नाहीये. जुन्या फिनिशवर काम असेल तर चमक जाईपर्यंत घासा. फार जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता असते, तो कोरडा घासू नका.

7. धूळ काढा. आधी मऊ ब्रश, मग किंचित ओलसर सुती फडकं. सागवान असेल तर फिनिश लावायच्या जरा आधी स्पिरिटने पुसून घ्या, वर आलेलं तेल निघतं.

> सावध : वॉटर-बेस्ड फिनिशच्या कामात स्टील वूल वापरू नका. तुटलेले बारीक तंतू लाकडात अडकतात आणि गंजून काळे ठिपके पडतात. सिलिकॉनचा स्प्रे किंवा फर्निचरचं मेणपॉलिश आधी मारलं असेल तर तिथे फिनिश माशाच्या डोळ्यासारखं फाटतं.

मोजमाप आत्ताच करून टाका. 6 फूट उंच, 3 फूट रुंद, दीड फूट खोल, चार फळ्यांच्या कपाटाचा आतला भाग दारांच्या मागच्या बाजूंसकट साधारण 100 चौरस फूट भरतो. त्यातले 36 नुसते फळ्यांच्या दोन्ही बाजूंचे. लोक फळ्यांची खालची बाजू धरत नाहीत आणि मटेरियल कमी पडतं. मग शेवटचा हात दुसऱ्याच डब्यातला.

टप्पा 5 : प्रत्यक्ष लावणं

पेटीच्या आत क्रम ठरलेला : आधी वरचं छत, मग पाठ, मग बाजू, शेवटी तळ. प्रत्येक पृष्ठावर आतल्या कोपऱ्यापासून सुरू करून आपल्याकडे येत जायचं. उलट केलं की ओल्या भागावर मनगट टेकतंच.

लाख लावायची असेल तर. एक लिटर स्पिरिटला 120 ग्रॅम लाख, असं पातळ मिश्रण पहिल्या हाताला. पुढच्या हातांना 200 ते 240 ग्रॅम. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरणीत आदल्या दिवशी भिजत घाला, अधूनमधून हलवा, मलमलच्या फडक्यातून गाळा. लोखंडी डब्यात ठेवलं की मिश्रण काळपट होतं. साध्या लाखेचं मिश्रण न हलवता काही दिवस ठेवलं तर मेण खाली बसतं. वरचं निवळलेलं हलक्या हाताने ओतून घेतलं की घरच्या घरी मेण बरंचसं निघालेली लाख मिळते.

कालवून बरेच महिने झालेली लाख वापरू नका. तपासायचं असेल तर काचेवर एक थेंब पसरा. दुसऱ्या दिवशी नख दाबलं आणि ठसा उमटला तर ती कधीच नीट सुकणार नाही.

मऊ ब्रशने किंवा मलमलच्या बोळ्याने एकदाच सरळ ओढायचं. परत परत त्याच जागी फिरवलं की खालचा थर उचलला जातो. तासा-दोन तासांनी 320 पेपरने अलगद हात फिरवून दुसरा हात. तीन पातळ हात पुष्कळ झाले.

> सावध : स्पिरिट पटकन पेट घेतं. काम चालू असताना देवघरातली समई, उदबत्ती, गॅस, सगळं बंद. खिडक्या उघड्या ठेवा. डोकं कपाटाच्या पेटीत घालून सलग काम करू नका, दर थोड्या वेळाने बाहेर या. स्पिरिट ओळखीच्या दुकानातून, सीलबंद घ्या. सुट्या स्पिरिटात मिथेनॉल असू शकतं आणि त्याची वाफही विषारी असते.

वॉटर-बेस्ड पीयू लावायचं असेल तर. डबा हलवून फेस काढू नका, काडीने तळापासून ढवळा. पहिला हात दिला की लाकडाचे तंतू पाण्याने उभे राहतात आणि फळी खरखरीत लागते. घाबरू नका, हे व्हायचंच. नीट सुकल्यावर 320 ने हलकं घासा, धूळ पुसा, मग दुसरा हात. दोन हातांमधला वेळ डब्यावर दिलेला असतो, सहसा दोन ते चार तास. दमट हवेत तो दुप्पट धरा. स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीला तीन हात द्या, बाकी ठिकाणी दोन बस.

फळ्या लाकडी ठोकळ्यांवर किंवा उलट्या खिळ्यांवर ठेवून दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या. अखंड लाकडाची फळी एकाच बाजूने बंद केली की पावसाळ्यात दुसरी बाजू ओल खाते आणि फळी वाकते.

कडांना एक हात जास्त. बिजागरी आणि स्क्रूची भोकं कानातल्या कापसाच्या काडीने आतून ओली करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण कुणी करत नाही.

लाकडी ड्रॉवरच्या घसरत्या पट्ट्यांना मात्र फिनिश नको. जाडी वाढते आणि श्रावणात ड्रॉवर अडकून बसतो. तिथे, बाकी सगळं सुकल्यावर, मेणबत्ती घासा.

टप्पा 6 : सुकलं म्हणजे मुरलं नव्हे

सगळ्यात जास्त कामं इथे बिघडतात. हाताला लागत नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी कपडे रचले जातात.

लाखेला दोन-तीन दिवस उघडं ठेवलं तर पुरतं. वॉटर-बेस्ड पीयूला पूर्ण मुरायला दोन ते तीन आठवडे लागतात. या काळात दारं आणि ड्रॉवर शक्यतो वेगळेच ठेवा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. टेबल फॅन असा ठेवा की हवा कपाटातून खोलीत आणि खोलीतून खिडकीबाहेर जाईल. फिनिश ओलं असताना मात्र पंखा बंद, नाहीतर धूळ बसते.

पहिला महिना फळीवर वर्तमानपत्र अंथरू नका. न मुरलेल्या फिनिशला ते चिकटतं आणि काढताना बातम्या उलट्या छापल्या गेलेल्या दिसतात. प्लॅस्टिकची मॅट तर त्याहून वाईट, खालची वाफ अडकवून ठेवते.

> तपासणी : कोपऱ्यात, जिथे थर जाड असेल तिथे, नख दाबा. ठसा उमटू नये. मग दारं लावून कपाट पूर्ण एक दिवस बंद ठेवा आणि उघडल्याबरोबर पहिला श्वास घ्या. आपलं नाक महिनाभरात सरावलेलं असतं, त्यामुळे बाहेरून आलेल्या शेजाऱ्याला विचारलेलं उत्तम.

भरताना आधी काचेच्या बरण्या, स्टीलचे डबे, धातूच्या वस्तू. आठवड्याने सुती कपडे. रेशीम, लोकर आणि सुटं धान्य शेवटी.

वास जातच नसेल तर

आधी वास कुठून येतो ते शोधा. एकेक फळी, ड्रॉवर, दार मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर तोंड बांधून ठेवा आणि सकाळी हुंगा. सगळ्या फळ्यांना सारखा वास असेल तर फिनिश अजून मुरतंय, थांबा आणि वारा द्या. एकाच फळीला असेल तर तिथे थर जाड बसलाय. तो घासून काढा आणि पातळ हात द्या. फळ्यांना वास नाही पण पेटीला आहे, तर पाठीचा प्लाय, उघड्या कडा किंवा सनमायका चिकटवलेलं रबरी ॲडहेसिव्ह बघा.

आधीच मेलामाइन किंवा तेलाचं वॉर्निश आत मारून झालं असेल, तर महिनाभर दारं उघडी ठेवून बघा. तरी वास राहिला तर 240 पेपरने चमक जाईपर्यंत घासा, धूळ पुसा आणि मेण काढलेल्या लाखेचे दोन हात द्या. पूर्ण न सुकलेल्या, चिकट थरावर मात्र लाख मारू नका, वर भेगा पडतील. तो थर खरवडूनच काढावा लागतो.

उदबत्ती, अत्तर, कापूर, डांबरगोळ्या ठेवून वास झाकायचा प्रयत्न करू नका. दोन्ही वास मिळून कपड्यांत जातात आणि मूळ वास कमी होतोय की नाही हेही कळेनासं होतं. उघड्या वाटीत सक्रिय कोळसा ठेवला तर थोडी मदत होते, पण फिनिश कच्चं असेल तर तो पुरा पडत नाही.

उरलेलं लाखेचं मिश्रण बरणीवर तारीख लिहून अंधाऱ्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. स्पिरिटने भिजलेली फडकी मोकळ्यावर वाळत घाला, मगच कचऱ्यात टाका. आणि कुणी सल्ला न ऐकता जवसाचं तेल वापरलंच असेल, तर त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात कधीही ठेवू नका, ती आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून, पसरून, बाहेर वाळवा.